नवा रायझन बसवला आणि डिस्प्ले येईना: बी४५० बोर्डावरच्या अपग्रेडची तपासणी

बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ २६०० किंवा ३४००जी, आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम. २०१८ ते २०२० च्या सुमारास आपल्याकडे जुळवलेले बरेच पीसी याच घडणीचे आहेत. एएमडीचं एएम४ सॉकेट चांगलंच दीर्घायुषी निघालं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्यात बसतात. त्यामुळे बोर्ड आणि रॅम तीच ठेवून फक्त ५६००, ५७००एक्स किंवा ५८००एक्स३डी घालायचा, हे अपग्रेड पैशाच्या मानाने अजूनही उत्तम आहे.

तक्रारही नेमकी याच अपग्रेडनंतर सगळ्यात जास्त ऐकू येते: पंखे फिरतात, लाईट लागतात, पण डिस्प्ले येत नाही. घाबरलेला माणूस मग बोर्ड गेला असं समजून नवा बोर्ड मागवतो, किंवा प्रोसेसर खराब दिला म्हणून दुकानदाराशी भांडतो. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. हे मशीन थोड्या वेळापूर्वी चालू होतं. तेव्हापासून तुम्ही ज्या गोष्टींना हात लावला त्या मोजक्याच आहेत, आणि दोष त्यांतच कुठेतरी आहे. मशीन कुठपर्यंत जाऊन थांबतं ते आधी पाहायचं आणि मग फक्त तिथेच शोधायचं. तोवर एक रुपयाचीही खरेदी करू नका.

कुठपर्यंत जातं ते ओळखा

‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत चार वेगळे आजार असतात. बटण दाबल्यावर काहीच न होणं हा पहिला. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, हा दुसरा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह दिसतं पण विंडोज सुरू होत नाही, हा तिसरा. विंडोज सुरू होऊन मध्येच बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, हा चौथा. प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, आणि पहिल्याचे उपाय तिसऱ्यावर करत बसलं की अख्खा रविवार जातो.

दुसरा प्रकार सगळ्यात छळतो, आणि त्यासाठी बोर्डावरच मदत असते. बऱ्याच बोर्डांवर उजव्या कडेला, २४ पिनच्या कनेक्टरजवळ चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. एमएसआय त्याला ईझी डीबग एलईडी म्हणते, असूस क्यू-एलईडी. बोर्ड याच क्रमाने तपासणी करत पुढे सरकतो आणि जिथे अडतो तो दिवा लागून राहतो. सुरुवातीला चारही दिवे एकामागून एक लुकलुकणं साहजिक आहे. शेवटी कोणता टिकून राहतो ते पाहा. स्वस्त बोर्डावर हे दिवे नसतील, तर चार पिनांचा छोटा बझर घ्या आणि पॉवर बटणाच्या वायरींशेजारच्या स्पीकर पिनांवर लावा. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. एक छोटी बीप म्हणजे बहुधा सगळं ठीक. अनेक बीप आल्या तर त्यांचा अर्थ बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये पाहा, कारण तो बायोसप्रमाणे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमप्रमाणे, बदलतो.

आणखी एक सोपी खूण आहे. स्क्रीन काळी असताना कीबोर्डवरचं नमलॉक किंवा कॅप्सलॉक दाबा. त्याचा दिवा दाबाल तसा लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं आहे आणि अडचण फक्त चित्र दिसण्याची आहे. दिवा ढिम्म असेल तर बोर्ड तपासणीतच अडकलाय.

बायोस: सगळ्यात मोठं कारण

जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. सॉकेट तेच आहे, पिना त्याच आहेत, पण प्रोसेसर जागा करण्याचा एएमडीचा जो कोड बायोसमध्ये असतो, त्यात ५००० मालिका नसेल तर बोर्ड सीपीयूच्या दिव्यावरच थांबतो. या कोडला एजेसा म्हणतात आणि बायोसच्या डाउनलोड पानावर त्याची आवृत्ती लिहिलेली असते. ४०० मालिकेच्या बोर्डांना ५००० चा आधार २०२१ च्या सुरुवातीपासून मिळत गेला. ५६००, ५५०० आणि ५७००एक्स एप्रिल २०२२ मध्ये आले आणि ५८००एक्स३डीसुद्धा त्याच महिन्यात. एजेसा १.२.०.७ किंवा त्याहून नवी आवृत्ती घेतली तर या सगळ्यांचं काम होतं, शिवाय विंडोज ११ मध्ये फर्मवेअर टीपीएममुळे (एफटीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय) मशीन मध्येच अडखळायचं तो दोषही त्याच आवृत्तीत दूर झालाय. ५७००एक्स३डी त्यानंतरचा, २०२४ चा. तो घेणार असाल तर आवृत्ती आणखी नवी लागू शकते. बोर्डाच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी असते, त्यात तुमच्या प्रोसेसरच्या नेमक्या नावापुढे किमान बायोस दिलेला असतो. ती ओळ वाचल्याशिवाय प्रोसेसरचं खोकं फोडू नका.

बायोस बदलायचा तो जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. जुना काढून ओएलएक्सवर विकून टाकला आणि मग कळलं, असं झालं तर एखाद्या दुकानातून किंवा मित्राकडून जुना रायझन तासाभरासाठी आणण्याला पर्याय उरत नाही. अपवाद फक्त त्या बोर्डांचा, ज्यांना प्रोसेसरशिवाय बायोस चढवण्याची सोय आहे. एमएसआयच्या बी४५० टॉमाहॉक किंवा बी४५०एम मॉर्टार मॅक्ससारख्या बोर्डांवर मागच्या बाजूला ‘फ्लॅश बायोस’चं बटण आहे. असूस त्या सोयीला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. बी४५० च्या स्वस्त बोर्डांवर बहुधा ती नसते, तेव्हा मागचे पोर्ट डोळ्यांनी पाहून खात्री करा.

बटण असेल तर कृती अशी. ८, १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठा ड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ होत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. डाउनलोड केलेली झिप उघडून आतली बायोस फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न ठेवता सरळ ड्राइव्हवर टाका. कंपनी सांगते तेच नाव तिला द्या. एमएसआयला एमएसआय डॉट रॉम हे नाव लागतं, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, अर्थात इंग्रजी अक्षरांत. असूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅमच असतो. विंडोजमध्ये फाइलची एक्स्टेन्शन लपलेली असतील तर आधी ती दिसतील असं करा, नाहीतर शेवटी दोनदा एक्स्टेन्शन लागतं आणि बोर्ड फाइल उचलत नाही. ड्राइव्ह त्या कामासाठी खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा. २४ पिनचा आणि सीपीयूचा ८ पिनचा कनेक्टर जोडलेला हवा, एसएमपीएसचं (वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण चालू आणि पीसी बंद. फ्लॅशचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की शेजारचा दिवा लुकलुकायला लागतो. पाचेक मिनिटं हात लावू नका. दिवा लगेच स्थिर झाला किंवा लुकलुकलाच नाही, तर फाइलचं नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी चुकलंय.

हे काम लाईट जाण्याची भीती नसताना करा, किंवा यूपीएस अथवा इन्व्हर्टरवर करा. पावसाळ्यात दर थोड्या वेळाने वीज जाणाऱ्या गावात तर यूपीएसशिवाय करूच नका. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे बंद बोर्ड. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर तो परत लिहिता येतो, नसेल तर चिप बाहेरून प्रोग्रॅम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं.

दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची आहे. त्यात सगळ्या पिढ्या मावत नाहीत, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा आधार काढलेला आहे. तुमच्याकडे ए८-९६०० सारखा प्रोसेसर असेल तर नवा बायोस चढवल्यावर तो परत लावून मशीन सुरू होईल असं धरून चालू नका. दुसरं म्हणजे, फार जुन्या बायोसवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारायला काही बोर्ड परवानगी देत नाहीत. मधली एखादी आवृत्ती आधी घ्यावी लागते. तशी सूचना डाउनलोडच्या ओळीखाली बारीक अक्षरांत असते, ती वाचाच.

बोर्डावरच्या एचडीएमआयमध्ये वायर आहे का?

२४००जी, ३४००जी किंवा ३२००जी वापरणारा माणूस मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआयला लावतो, कारण त्या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स असतं. ५६०० मध्ये ते नाही. ५६००एक्स, ५७००एक्स, ५८००एक्स३डी यांतही नाही, आणि ५५०० मध्येसुद्धा नाही. ५६००जी, ५७००जी अशा ‘जी’वाल्यांत असतं. म्हणजे ३४००जी काढून ५६०० घातला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट निव्वळ शोभेचा उरतो. मशीन व्यवस्थित चाललेलं असतं, फक्त चित्र बाहेर काढायला कोणी नसतं. वर सांगितलेली नमलॉकची खूण इथे लगेच उपयोगी पडते.

कार्ड असेल तर वायर कार्डालाच लावलेली आहे ना ते पाहा. आपल्याकडे अजून जुने व्हीजीए मॉनिटर भरपूर आहेत आणि ते एचडीएमआय कन्व्हर्टरने जोडलेले असतात. काही कन्व्हर्टर ड्रायव्हर चालू होईपर्यंत चित्रच देत नाहीत, त्यामुळे बायोसचा पडदा दिसत नाही. तपासणीपुरता टीव्ही एचडीएमआयने थेट लावा. आणि बायोस नवा केल्यावर सीएसएम ही मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत बंद झाली असेल, तर जीटी २१० सारखं जुनं कार्ड यूईएफआय ही नवी पद्धत समजत नसल्यामुळे व्हीजीएच्या दिव्यावर अडू शकतं. थोडं नवं कार्ड लावून पाहा आणि बायोसमध्ये शिरून सीएसएम चालू करा.

कूलर काढताना होणारा घात

एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि सॉकेटचा लिव्हर त्यांना फक्त हलकेच धरून ठेवतो. वर्षानुवर्षांची वाळलेली थर्मल पेस्ट मात्र प्रोसेसरला कूलरशी घट्ट चिकटवते. कूलर सरळ वर ओढला की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं एखाद्या जड कामावर चालवा म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग बंद करून प्लग काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत मोकळा करा. पूर्ण सुटल्यावरच उचला.

नवा प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. लिव्हर पूर्ण उभा असताना तो स्वतःच्या वजनाने खाली बसायला हवा. बसत नसेल तर दाबू नका, उचलून पिना पाहा. प्रोसेसर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला की पिनांच्या रांगा सरळ दिसतात आणि वाकलेली पिन लगेच रांगेबाहेर डोकावते. दोन्ही दिशांनी पाहा. ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलीतून शिसं काढून टाकलं की तिचं टोक पिनेवर नेमकं बसतं. त्याने अगदी थोडं-थोडं सरळ करा. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर पिन तुटते. वाकलेल्या पिनांची वॉरंटी सहसा मिळत नाही, म्हणून विकत घेतानाच पारदर्शक खोक्यातून खालची बाजू तपासून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर काउंटरवरच पाहा. चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी थेट मागच्या लोखंडी पट्टीवर बसतो, त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन आधार काढावे लागतात. ते काढले की मागची पट्टी सुटून खाली पडते, तेव्हा मागून हात धरा. स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का ते पुन्हा एकदा पाहा. मशीन सुरू होतं, पण थोड्याच वेळात आपोआप बंद पडतं, याचं कारण बहुतेक वेळा ती फिल्म किंवा एका कोपऱ्यात वर राहिलेला कूलर असतं. ५८००एक्स३डी सोबत कूलर येत नाही, हे लक्षात ठेवून आधीच सोय करा.

रॅम

डीरॅमचा दिवा लागून राहिला तर घाई करू नका. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करतो. त्यात तो दोन-तीनदा स्वतःहून बंद-चालू होऊ शकतो आणि एखाद-दोन मिनिटं काळी स्क्रीन दाखवू शकतो. पाच मिनिटं थांबा. एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ रॅम ही पुढची पिढी असेल तर दहासुद्धा. मध्येच बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तरी हललं नाही तर एकच कांडी ठेवा, प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या खाचेत. मॅन्युअलमध्ये तिला ए२ म्हणतात. दोन कांड्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कांडी दोन्ही टोकांनी दाबा. ज्या बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, तिथे खटका नसलेलं टोक अर्धवट वर राहतं आणि वरून पाहताना ते कळत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. खोडरबराने पुसण्याची दुकानातली पद्धत खरंच चालते, पण पांढरा मऊ रबर घ्या, हलक्या हाताने पुसा आणि चुरा पूर्ण झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर तेच बरं.

नवी रॅम जुन्या रॅमसोबत मिसळली असेल तर आधी नुसती नवी चालवून पाहा. फार स्वस्तात मिळालेली मोठी कांडी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम नाही ना, तेही पाहा. ती या बोर्डांवर चालत नाही.

इथेच बायोसच्या जुन्या सेटिंग पुसण्याचा उपाय येतो. प्लग काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. बॅटरी ग्राफिक्स कार्डाखाली दडली असेल तर मॅन्युअलमध्ये सीएमओएस (बायोसच्या सेटिंगची साठवण) पुसायच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दहा सेकंद जोडून धरा. जुन्या प्रोसेसरसाठी वाढवून ठेवलेला रॅमचा वेग नव्याला झेपत नसेल, तर यानेच तिढा सुटतो.

वीज: एसएमपीएस आणि त्याच्या वायरी

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, किंवा पंखा एकदा थरथरून थांबत असेल, तर इकडे वळा. आधी साध्या गोष्टी: एसएमपीएसचं मागचं बटण, प्लग, आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची दोन पिनांची वायर. काम करताना ती हमखास सुटते. ती बाजूला काढून बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणात आहे.

मग सीपीयूचा ८ पिनचा कनेक्टर. तो बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि कूलर बदलताना काढलेला तसाच राहून जातो. तो नसला तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि माणूस दुसरीकडेच शोधत बसतो. ही वायर ४+४ अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी दुभंगते. दिसायला दोन्ही सारख्या, पण आतली जोडणी उलटी आहे: सीपीयूच्या वायरीत चार तारा १२ व्होल्टच्या आणि चार जमिनीच्या (ग्राउंड), कार्डाच्या वायरीत तीन १२ व्होल्टच्या आणि पाच जमिनीच्या. एकाच्या जागी दुसरी जबरदस्तीने घुसवली तर शॉर्ट होतं. तसंच, एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, कनेक्टर बसत असला तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते. यात हार्ड डिस्क जळतात.

प्रोसेसरबरोबर ग्राफिक्स कार्डही नवं घेतलं असेल तर एसएमपीएसच्या पाठीवरचं लेबल वाचा. ‘४५० वॉट’ या मोठ्या अक्षरांपेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर महत्त्वाचे. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, एवढीच खरी ताकद. कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसमध्ये असा आकडा सर्रास दिसतो. आता बेरीज करा: आरटीएक्स ३०६० चे १७० वॉट, ५६०० चे जड कामात ७६ वॉटपर्यंत, शिवाय पंखे, डिस्क आणि बोर्ड. झालं पुरेसं? १०५ वॉटचा ५८००एक्स तर १४२ वॉटपर्यंत जातो. असं मशीन डेस्कटॉपपर्यंत व्यवस्थित पोचतं आणि गेम उघडताच धाडकन बंद पडतं. वर चौथा प्रकार म्हटला तो बहुधा हाच. आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड निवडलं तरी या एसएमपीएसवर भरवसा ठेवू नये. स्लॉटमधून ७५ वॉट आणि ८ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॉट मिळतात, म्हणून कार्डाचा कनेक्टर लावलाच पाहिजे. एका फाट्यावरून दोन कनेक्टर काढण्यापेक्षा दोन वेगळ्या वायरी वापरा.

घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. लाईट गेल्यावर नवं मशीन लगेच बंद पडायला लागलं तर पीसीला दोष देण्याआधी तो थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून पाहा.

मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. २४ पिनमधली हिरवी तार शेजारच्या काळीला जोडून एसएमपीएस एकटा सुरू करण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. त्याने तो पूर्ण मेलेला आहे का एवढंच कळतं, भार पेलेल का ते नाही. त्याचा डबा मात्र उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात.

बोर्डाचं चिन्ह दिसलं, पण विंडोज नाही

नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक मजकूर येतो: नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएमची माहिती बदलली आहे, रीसेट करण्यासाठी वाय दाबा, जुनी ठेवण्यासाठी एन. बरेच जण इथे मशीन हँग झालं असं समजून बंद करतात. बंद करू नका, पण वायवर बोटही लगेच ठेवू नका. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, असेल तर वाय दाबल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद राहतो. आणि बिटलॉकर आपण कधी चालू केलं हे अनेकांना आठवत नाही, कारण काही मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं. म्हणून प्रोसेसर काढण्याआधीच सेटिंग उघडून पाहा. चालू असेल तर की कागदावर लिहून घ्या, मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरही ती सापडते, आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. बायोस बदलण्याआधीही हेच करा. की हाताशी नसताना तो मजकूर समोर आला तर एन दाबा. जुना प्रोसेसर परत लावला की जुन्या चाव्या तशाच मिळतात. एन्क्रिप्शन नसेल तर बिनधास्त वाय दाबा, फार तर विंडोजचा पिन नव्याने ठरवावा लागेल.

बूटचा दिवा लागला, किंवा बूट डिव्हाइस नाही असा संदेश आला, तर बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का पाहा. दिसत नसेल तर डिस्कची साटा वायर हलली असेल, किंवा नवी एम.२ डिस्क लावल्यामुळे तिच्याशी जोडलेले एक-दोन साटा पोर्ट बंद झाले असतील. कोणते ते मॅन्युअलमध्ये असतं, वायर दुसऱ्या पोर्टात लावा. डिस्क दिसतेय पण विंडोज सुरू होत नाही, तर बहुधा बायोसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या आहेत. जुनं विंडोज एमबीआर या डिस्क-मांडणीच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं असेल तर त्याला सीएसएम लागतं आणि नव्या बायोसमध्ये ते बंद असतं. तूर्त चालू करा. नंतर बॅकअप घेऊन विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून मिळणारं एमबीआर-टू-जीपीटी साधन वापरा आणि सीएसएम कायमचं बंद करा. निळा पडदा येऊन ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं तर साटाची पद्धत एएचसीआय आणि रेड यांच्यात बदललेली असते. पूर्वी होती तीच लावा.

काहीच जमेना तेव्हा

बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि दोन पॉवर कनेक्टर, एवढंच जोडा. सुरू झालं तर कॅबिनेटमधला एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या मागे टेकत होता, किंवा समोरच्या यूएसबीच्या वायरीत शॉर्ट होता. नाही झालं तर जुना प्रोसेसर परत घाला. जुन्यावर चाललं तर बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही धडधाकट आहेत, आणि दोष बायोसमध्ये किंवा नव्या प्रोसेसरमध्ये आहे. बायोसची आवृत्ती यादीप्रमाणे आहे हे पडद्यावर पाहून त्याचा फोटो काढा आणि मग प्रोसेसर बदलून मागा. असा पुरावा समोर असला की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. जुन्यावरही चाललं नाही, तर नवा प्रोसेसर निर्दोष असण्याची शक्यता जास्त. सॉकेट, पिना आणि वायरी पुन्हा तपासा.

मशीन सुरू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी (पूर्ण वेगाची सेटिंग) परत लावा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडत राहील. व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर त्यासाठी लागणारं एसव्हीएम चालू करा, बायोस बदलताना तेही बंद झालेलं असतं. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. पुढचे काही दिवस विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअर दोषांच्या) नोंदी येतात का पाहा, आणि आल्या तर आधी एक्सएमपी बंद करून पाहा. तोवर जुना प्रोसेसर पिना वर करून प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा आणि विकायची घाई करू नका.